एपिसोड ३१: काहीच न करणारा वायू

ज्यांचं नेट चालू आहे त्यांनी वर प्ले दाबा. ज्यांचं नाही, त्यांच्यासाठी नेहमीसारखं हे लिहिलेलं. आमच्या कुरखेड्यात पावसाळ्यात लाईट आणि नेटवर्क हातात हात घालून जातात, त्यामुळे ऑडिओपेक्षा हे पानच जास्त उघडलं जातं, हे मला आकडे बघून माहीत आहे. बोलताना जे आलं तेच थोडं साफ करून टाकलंय.

आजचा विषय ऐकायला कोरडा आहे. एखाद्या सेंद्रिय पदार्थाची वाफ, म्हणजे ईथर, ॲसिटोन, पेट्रोल, लाकडातून निघणारा धूर असं काहीही, बंद भांड्यात तापवली की तिचे रेणू तुटतात. आता त्याच भांड्यात दुसरा एखादा वायू सोडला, जो स्वतः जळत नाही, तुटत नाही, शेवटी जसाच्या तसा उरतो, तर त्या तुटण्यावर काही फरक पडेल का? साधं उत्तर वाटतं, नाही. जो भागच घेत नाही तो काय बदलणार? पण फरक पडतो. कधी तुटण्याचा वेग वाढतो, कधी कमी होतो, कधी तुटून काय तयार होणार तेच बदलतं. हे का होतं यावर १९२० च्या आसपास युरोपातली मोठमोठी डोकी भांडली. आणि त्या भांडणातून जे कळलं त्याच्या जवळपासचं काहीतरी वापरून आपल्या ट्रॉम्बेला, ठाणे-बेलापूरला, नागोठण्याला कारखाने चालले. तुमच्या शेतात धानाच्या ढिगावर टाकलेली ताडपत्री त्याच रसायनातून येते.

आधी चुलीपासून सुरू करू, कारण चूल सगळ्यांनी पाहिलीय.

चुलीत लाकूड जळतं असं आपण म्हणतो. खरं तर ज्वाळा असते ती लाकडाची नसते, लाकडातून निघालेल्या वाफेची असते. लाकूड दोन-अडीचशे अंशांच्या वर तापलं की त्यातून वाफा सुटायला लागतात, त्या वर येऊन हवेत मिसळतात आणि तिथे पेटतात. मायकेल फॅरेडेने लंडनला मुलांसाठी मेणबत्तीवर व्याख्यानं दिली होती, १८६०-६१ च्या नाताळात. त्यात त्याने जळत्या मेणबत्तीच्या ज्योतीच्या मधोमध काचेची नळी धरली, आतली वाफ नळीतून बाहेर काढली आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला पेटवून दाखवली. म्हणजे ज्योतीच्या पोटात न जळलेली वाफ असते, हे डोळ्यांनी दिसलं.

आता आजी फुंकणीने फुंकते तेव्हा काय करते? हवा जास्त पोचवते. हवा पुरेशी नसली तर त्या वाफा जळायच्या ऐवजी नुसत्या उष्णतेने तुटतात, तुकडे एकमेकांना चिकटतात आणि काजळी, डांबर, डोळ्यात जाणारा धूर बनतो. तीच वाफ, तेवढीच उष्णता, फक्त सोबत असलेला वायू किती, यावर भांडं काळं होणार की नाही ठरतं. बायकांच्या फुप्फुसात काय जाणार तेही त्यावरच ठरतं. सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८३ ला सुरू झाला, उज्ज्वला २०१६ ला. दोन्हींच्या मागे हाच धूर आहे. सिलिंडर घरी आहे आणि भात अजून चुलीवर शिजतो, अशी घरं आमच्या तालुक्यात कमी नाहीत.

कोळशाची भट्टी लावणारा माणूस याच्या बरोबर उलटं करतो. तो लाकडं रचतो, माती-पाल्याने झाकतो आणि हवेची भोकं मोजून ठेवतो. आधी पांढरा धूर येतो, तो मुख्यतः पाण्याच्या वाफेचा. मग पिवळसर, जड, झोंबणारा. मग पातळ निळसर झाला की भोकं बुजवायची. या माणसाने केमिस्ट्री शिकलेली नसते, पण भट्टीच्या आत वायू किती आणि कोणता, यावर त्याचं पूर्ण लक्ष असतं. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल रेशनवर आलं तेव्हा आपल्या देशात बस आणि ट्रकच्या मागे कोळशाच्या गॅसची टाकी लावून गाड्या चालवल्या गेल्या. जुन्या माणसांना विचारा, भाता फिरवून गाडी सुरू करायचे त्याच्या गोष्टी सांगतात. स्वीडनमध्ये तर अशा ७० हजारांहून जास्त गाड्या होत्या. सरळ लाकूड घालून चालणारी टाकी बनवणं अवघड होतं, कारण लाकडाच्या वाफेतलं डांबर इंजिनात जाऊन बसायचं. जॉर्ज इम्बेर नावाच्या माणसाने त्यावर उपाय काढला: वाफा वर जाऊ द्यायच्याच नाहीत, त्यांना खाली ओढायचं, जिथे हवा येते त्या सगळ्यात तापलेल्या पट्ट्यातून आणि मग लाल निखाऱ्यांतून. तिथे डांबराचे मोठे रेणू तुटून लहान वायू होतात. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत उसाच्या पाचटावर चालणारे गॅसिफायर केले गेले, तिथेही या डांबराशी झगडणं आलंच.

पण हे सगळं हाताने जमवलेलं ज्ञान झालं. नेमकं कारण शोधायला चूल उपयोगाची नाही, चुलीत एकाच वेळी हजार गोष्टी घडतात. डीबगिंग करताना आपण काय करतो? सगळं बंद करून एकच फंक्शन चालवून बघतो. तेच ऑक्सफर्डमध्ये झालं.

एक क्वार्ट्झचं भांडं घ्या. हवा पूर्ण काढून टाका. त्यात डायमिथाइल ईथरची थोडी वाफ सोडा आणि भट्टीत ५०० अंशांच्या आसपास ठेवा. या ईथरचा एक रेणू तुटला की ढोबळमानाने तीन रेणू मिळतात: मिथेन, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन. एकाचे तीन झाले म्हणजे बंद भांड्यातला दाब वाढणार. बाजूला पाऱ्याची नळी लावून ठेवा आणि घड्याळ घेऊन बसा. पारा किती वेगाने चढतो त्यावरून रेणू किती वेगाने तुटतायत ते कळतं. इतकं साधं यंत्र. यावर सिरिल हिन्शेलवुड आणि त्याच्या विद्यार्थ्यांनी १९२० च्या दशकात एकामागून एक वाफा तपासल्या.

हे कशासाठी? कारण त्या काळी एक कोडं अडून बसलं होतं.

काही पदार्थ असे तुटतात की भांड्यात दाट भरा की विरळ, अर्धे तुटायला लागणारा वेळ तोच. याचा अर्थ प्रत्येक रेणू एकटाच, स्वतःच्या हिशोबाने तुटतो. दुसऱ्याशी टक्कर लागत असती तर दाट भरल्यावर टक्कर जास्त, वेग जास्त असं दिसलं असतं. पण मग प्रश्न असा की तुटायला लागणारी ऊर्जा त्या एकट्या रेणूला देतं कोण? टक्कर नाही, तर काय?

१९१९ मध्ये फ्रान्सच्या ज्याँ पेरँने उत्तर दिलं: प्रकाश. भांड्याच्या तापलेल्या भिंतींमधून अवरक्त किरणं निघतात, रेणू ती पितो आणि तुटतो. लिव्हरपूलचा डब्ल्यू. सी. एम. लुईसही याच बाजूचा. पेरँ हा साधा माणूस नव्हता. अणू खरोखर असतात हे प्रयोगाने पटवून देणाऱ्यांपैकी तो एक, पुढे १९२६ ला त्याला भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याची कल्पना सुंदर होती. फक्त चुकीची होती. अर्व्हिंग लँगम्युअरने १९२० मध्ये हिशोब मांडून दाखवलं की भिंतीतून येणारी किरणं इतकी ऊर्जा पुरवूच शकत नाहीत.

मग १९२१ च्या सप्टेंबरमध्ये लंडनच्या फॅरेडे सोसायटीच्या चर्चेत फ्रेडरिक लिंडेमान उभा राहिला आणि थोडक्यात म्हणाला, ऊर्जा टक्करीनेच मिळते. फक्त ऊर्जा मिळणं आणि तुटणं यांच्यामध्ये थोडा वेळ जातो. एवढंच. छापलेलं त्याचं म्हणणं दोन पानांच्या आसपासचं आहे. माझ्या मते या सगळ्या गोष्टीतली सगळ्यात देखणी दोन पानं तीच.

हे कसं चालतं ते बाजारात नेऊन सांगतो. आठवडी बाजार भरलाय. गर्दी आहे, धक्के लागतायत. एखाद्याला जोराचा धक्का लागला की तो तापतो. पण तापला की लगेच मारामारी करत नाही. थोडा वेळ धुमसतो. तेवढ्यात आजूबाजूचे 'जाऊ दे ना भाऊ' म्हणत त्याला पुढे ढकलतात, तो थंड होतो. गर्दी खूप असली की तापणारेही खूप, थंड करणारेही खूप, त्यामुळे कुठल्याही क्षणी बाजारातल्या शंभरातले ठरावीक लोक तापलेले असतात. त्यातले काही फुटतात. गर्दी दुप्पट केली तरी शंभरामागचं प्रमाण तेच राहतं. म्हणून वाटतं की धक्क्यांचा आणि मारामारीचा संबंधच नाही.

आता बाजार उठत आला. माणसं विरळ झाली. धक्काच क्वचित लागतो. पण ज्याला लागला त्याला थंड करायला कुणी नाही, तो फुटणारच. म्हणजे आता मारामाऱ्या किती होणार हे थेट धक्के किती यावर अवलंबून. शंभरामागचं प्रमाण घसरतं.

लिंडेमानचं भाकीत हेच: दाब खूप कमी करा, तुटण्याचा वेग घसरला पाहिजे. पेरँ खरा असेल तर घसरायला नको, कारण भिंती तितक्याच तापलेल्या आहेत.

आणि आता आपला पाहुणा. उठत आलेल्या बाजारात परगावच्या अशा माणसांची गर्दी सोडा जी कधीच भांडत नाहीत. फक्त चालतात, धक्के देतात, धक्के खातात. काय होईल? गावातल्या लोकांना पुन्हा धक्के लागायला लागतील, प्रमाण पुन्हा भर बाजारात होतं तिथपर्यंत चढेल. त्याच्या वर मात्र जाणार नाही.

हिन्शेलवुड आणि आस्की यांनी १९२७ मध्ये ईथरवर हेच पाहिलं. दाब कमी केला, वेग घसरला. हायड्रोजन सोडला, वेग परत चढला, आणि पूर्ण दाबाच्या वेगापाशी येऊन थांबला. सगळे वायू सारखे नव्हते, हायड्रोजनसारखी साथ बाकीच्यांनी दिली नाही. पण मुद्दा जिंकला गेला. एक न तुटणारा वायू सोडून एका नोबेलच्या माणसाचं मत मोडून निघालं.

इथे थोडं थांबतो, कारण लिंडेमानचं नाव आपल्याला दुसरीकडूनही ओळखीचं असायला हवं. हाच पुढे लॉर्ड चेरवेल झाला, चर्चिलचा अगदी जवळचा सल्लागार. १९४३ मध्ये बंगालमध्ये दुष्काळ पडला, माणसं रस्त्यावर मरत होती, मृतांचा अंदाज ३० लाखांपर्यंत सांगितला जातो. भारताकडे धान्याची जहाजं वळवावीत अशी मागणी लंडनला जात होती, आणि ती वळवू नयेत असा सल्ला देणाऱ्यांत चेरवेल होता. गर्दीतल्या एका रेणूला नेमकी ऊर्जा कुठून मिळते हे ज्याला दोन पानांत दिसलं, त्याला तांदूळ नसलेली माणसं दिसली नाहीत. माझ्या धान पिकवणाऱ्या तालुक्यातून बघताना मला ही गोष्ट बाजूला ठेवून त्याची स्तुती करता येत नाही. त्याची दोन पानं मात्र बरोबर आहेत, तीही खोटी म्हणता येत नाहीत.

बरं, पुढे. गोष्ट इथे संपली असती तर सोपं होतं.

१९२९ मध्ये बर्लिनला फ्रिट्झ पानेट आणि होफेडिट्झ यांनी एक प्रयोग केला जो मला शाळेच्या लॅबमध्ये बघायला आवडला असता. क्वार्ट्झची लांब नळी. त्यातून हायड्रोजनचा झोत वाहतोय आणि त्या झोतात टेट्रामिथाइल लेड या शिशाच्या संयुगाची थोडीशी वाफ. नळीला एका जागी बाहेरून ज्योत लावली. वाफ तुटली, शिसं सुटलं आणि आतून नळीवर चकचकीत आरसा जमला. मग ज्योत थोडी मागे, झोत येतो त्या बाजूला सरकवली. तिथे नवा आरसा जमू लागला. आणि पुढचा, जुना, थंड आरसा हळूहळू नाहीसा झाला!

म्हणजे मागे वाफ तुटताना काहीतरी सुटत होतं, ते हायड्रोजनबरोबर वाहत पुढे जात होतं आणि तिथलं शिसं खात होतं. ते 'काहीतरी' म्हणजे मिथाइल, एक हात मोकळा असलेला तुटका तुकडा. फ्री रॅडिकल. पुस्तकात मुक्त मूलक म्हणतात. दोन आरशांमधलं अंतर आणि झोताचा वेग यांवरून त्याचं आयुष्यही काढता आलं, सेकंदाच्या काही हजाराव्या भागाइतकं. इथे हायड्रोजन काय करत होता? वाहून नेत होता. फक्त रिक्षा. पण ती रिक्षा नसती तर तो तुकडा कुणाला दिसलाच नसता. पानेटला १९३३ ला नाझींमुळे जर्मनी सोडावं लागलं, तो इंग्लंडला गेला.

यामुळे ईथरच्या गोष्टीत गडबड झाली. १९३४ मध्ये अमेरिकेत राइस आणि हर्ट्झफेल्ड यांनी दाखवलं की या वाफा एकट्या-दुकट्या तुटत नसतील, साखळीने तुटत असतील. एक रेणू फुटला, त्यातून मोकळ्या हाताचा तुकडा निघाला, त्याने दुसऱ्या रेणूचा हायड्रोजन ओढला, तो दुसरा अस्थिर होऊन फुटला, त्यातून पुन्हा तुकडा निघाला. फॅमिली ग्रुपवर एक अफवा पडली की जसं होतं तसंच. सुरुवात एकाची, पण पोचते पाचशे जणांना. मजा म्हणजे अशी साखळी असूनही वरून मोजलं तर वेग साधा सरळ दिसू शकतो. आकडे बघून आत काय चाललंय ते कळत नाही, हे आम्हा सर्व्हरचे लॉग बघणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

आणि मग हायड्रोजन तरी तटस्थ कुठे राहिला? मोकळा मिथाइल समोर आला तर तो हायड्रोजनलाही ओढतो आणि साखळी पुढे जाते. म्हणजे १९२७ चा तो प्रसिद्ध प्रयोग ज्या कारणासाठी प्रसिद्ध झाला ते कारण त्या उदाहरणापुरतं तरी पूर्ण खरं नव्हतं. लिंडेमानची कल्पना टिकली, पण दुसऱ्या, स्वच्छ उदाहरणांवर. याला मी नशीब म्हणतो. बरोबर कल्पनेला डळमळीत पुरावा मिळाला आणि तरी ती तगली.

साखळी आहे की नाही हे तपासायचं कसं? पुन्हा पाहुणा वायू बोलवायचा, पण यावेळी वेगळ्या स्वभावाचा. नायट्रिक ऑक्साइडच्या रेणूचा स्वतःचाच एक हात मोकळा असतो. तो साखळीतल्या तुकड्यांना पकडून बसवतो. ग्रुपमधला असा माणूस जो आलेला मेसेज वाचतो आणि पुढे पाठवत नाही. स्टेव्हली आणि हिन्शेलवुड यांनी १९३६ मध्ये ईथरच्या वाफेत अगदी किंचित नायट्रिक ऑक्साइड घातला आणि तुटण्याचा वेग धाडकन पडला. म्हणजे साखळी होती! थोडा आणखी घातला, थोडा आणखी पडला. मग एका तळाला जाऊन थांबला. त्याहून जास्त घातला तर वेग उलट वाढायला लागला.

तो तळ म्हणजे काय, यावर लोक पुढची पंचवीस-तीस वर्षं वाद घालत बसले. हिन्शेलवुडचं मत असं की साखळी पूर्ण बंद झाल्यावर उरतं ते रेणूचं एकट्याचं तुटणं. सरळ वाटतं. पण १९६० च्या दशकापर्यंत चित्र बदललं: नायट्रिक ऑक्साइड साखळ्या फक्त थांबवत नाही, सुरूही करतो. तळाशीही साखळ्या चालूच असतात, सुरू होणाऱ्या आणि थांबणाऱ्यांचा तोल साधलेला असतो इतकंच. याच्या उलट वागणारा पाहुणा म्हणजे ऑक्सिजन. ॲसिटाल्डिहाइडच्या वाफेत त्याचा लवलेश गेला तरी साखळ्या भडकतात. त्यामुळे या प्रयोगांत भांडं हवेपासून नीट मोकळं केलेलं नसलं तर सगळे आकडे वाया.

साखळीबद्दलची आणखी एक गोष्ट सांगतो, ती सेंद्रिय वाफेची नाही, फॉस्फरसची आहे, पण या एपिसोडमध्ये ती नसती तर मला चुकल्यासारखं वाटलं असतं. १९२५ च्या सुमारास लेनिनग्राडला खारितोन आणि वाल्टा फॉस्फरसची वाफ आणि ऑक्सिजन यांच्यावर काम करत होते. ऑक्सिजन एका मर्यादेपेक्षा कमी असला तर काहीच पेटत नव्हतं. आणि मग त्यांनी त्यात आर्गॉन सोडला, जो कुणाशीच काही करत नाही, ज्याच्या नावाचाच अर्थ आळशी. तर ते पेटलं! जर्मनीतला मोठा रसायनशास्त्रज्ञ बोडेनश्टाइन म्हणाला, असं होऊच शकत नाही, तुमच्या यंत्रात काहीतरी घोळ आहे. निकोलाय सेम्योनोवने सगळं पुन्हा तपासलं. घोळ नव्हता. साखळी चालवणारे तुकडे भांड्याच्या भिंतीला जाऊन धडकले की मरत होते. आर्गॉन मध्ये गर्दी करत होता, भिंतीकडे जायची वाट अडवत होता, त्यामुळे साखळी लांब चालत होती. १९५६ चं रसायनशास्त्राचं नोबेल हिन्शेलवुड आणि सेम्योनोव यांना मिळून दिलं गेलं.

आता मुंबईला येऊ.

इथिलीन हवं असेल, म्हणजे पॉलिथिनचा कच्चा माल, तर नॅफ्था घ्यायचा. नॅफ्था म्हणजे पेट्रोलचाच भाऊ, रिफायनरीतून निघणारा. त्याची वाफ करायची आणि नळ्यांमधून ८०० अंशांच्या वर तापवत पळवायची. रेणू त्याच साखळीने तुटतात जी राइस आणि हर्ट्झफेल्डने कागदावर मांडली. आत राहायला वेळ किती, तर अर्ध्या सेकंदापेक्षाही कमी. लगेच बाहेर काढून थंड करायचं, नाहीतर तयार झालेलं इथिलीनच पुढे तुटून-चिकटून डांबर आणि कोळसा होईल. चुलीवरच्या भांड्याखाली जमते तीच काजळी, फक्त महागड्या नळीच्या आत.

याला स्टीम क्रॅकिंग म्हणतात आणि त्यातला पाहुणा नावातच आहे. पाण्याची वाफ. नॅफ्था एक किलो असेल तर वाफ साधारण अर्धा किलो. वजनाने निम्मी वाटते, पण पाण्याचा रेणू हलका, त्यामुळे रेणू मोजले तर नॅफ्थ्याच्या एका रेणूमागे वाफेचे दोनाहून जास्त येतात. म्हणजे त्या नळीत बहुसंख्य रेणू असे आहेत जे तुटायला आलेलेच नाहीत.

मग ते तिथे कशाला? हिन्शेलवुडसारखं धक्के द्यायला? नाही, आणि हाच मुद्दा मला सगळ्यात उशिरा कळला. हिन्शेलवुडचं भांडं बंद होतं. त्यात पाहुणा सोडला की एकूण गर्दी वाढायची, ईथर तितकाच दाट राहायचा. कारखान्यातली नळी दोन्हीकडून उघडी, तिथला एकूण दाब साधारण ठरलेला. त्यात वाफ घातली की नॅफ्था विरळ होतो. पाहुणे आले म्हणून गावकरी पांगले. एका रेणूचं स्वतःचं तुटणं विरळपणाने फारसं अडत नाही, पण तुटलेल्या तुकड्यांचं एकमेकांना चिकटून डांबर होणं मात्र अडतं, कारण चिकटायला दोघं भेटावे लागतात. त्यामुळे हवं ते इथिलीन जास्त, नको ते डांबर कमी.

वाफेचं दुसरं काम अधिक घरगुती. नळीत जमलेल्या कार्बनवर ती झडप घालते आणि त्याचा थोडा भाग कार्बन मोनॉक्साइड करून उडवते. म्हणजे ती पूर्ण तटस्थही नाही. तरी कोळसा साचतोच. मग दर काही आठवड्यांनी भट्टी थांबवून वाफ आणि हवा सोडून तो जाळून काढतात. यात आणखी एक चिमूटभर पाहुणा असतो, गंधकाचं संयुग, सडक्या कोबीसारख्या वासाचं. ते नळीच्या धातूवर बसतं आणि धातूला कार्बन जमवण्यापासून आवरतं. जास्त झालं तरी त्रास, कमी झालं तरी त्रास. नायट्रिक ऑक्साइडची आठवण येते की नाही?

देशातला पहिला नॅफ्था क्रॅकर १९६६ ला ट्रॉम्बेला सुरू झाला, युनियन कार्बाइडचा, आजच्या मानाने खेळण्यासारखा. मग १९६८ ला ठाणे-बेलापूर रस्त्यावर मफतलाल समूह आणि शेल यांचा नोसिल, वर्षाला सुमारे ६० हजार टन इथिलीनचा. त्या पिढीत केमिकल इंजिनिअर झालेल्या मराठी मुलांना ठाणे-बेलापूर पट्टा म्हणजे आज आमच्या पिढीला हिंजवडी आहे तसा होता. १९७४ ला बॉम्बे हायला तेल आणि वायू सापडला, आणि मग नॅफ्थ्याऐवजी त्या वायूतलं इथेन आणि प्रोपेन तोडायचं ठरलं. त्यासाठी आयपीसीएलने रायगड जिल्ह्यात नागोठण्याला वायूवर चालणारा क्रॅकर उभा केला. इथेनचा रेणू लहान, काजळी कमी धरतो, म्हणून त्याला वाफही कमी लागते, किलोमागे तीनशे ग्रॅमच्या आसपास.

५ नोव्हेंबर १९९० ला नागोठण्याला इथेन-प्रोपेनची गळती झाली आणि स्फोट झाला. ३० हून जास्त माणसं गेली. या वाफेची एक बाजू ही आहे. नळीच्या आत, हवा काढून टाकलेल्या जागेत, अर्ध्या सेकंदाच्या हिशोबाने ती जितकी ऐकते तितकीच बाहेर, उघड्या हवेत, ऐकत नाही. आत वाफ हा पाहुणा निवडून बोलावलेला असतो. बाहेर हवा न बोलावता हजर असते. क्रॅकरवर लिहिलेल्या लेखांत इथिलीनचे टन मिळतात, त्या तीसेक माणसांना एखादी ओळ मिळते. मला इथिलीनच्या टनांइतकीच त्यांची नोंद महत्त्वाची वाटते, म्हणून तारखेसकट सांगितली.

नोसिलचा तो क्रॅकर आता बंद आहे. त्या पट्ट्यात आता आयटी पार्क आहेत. नागोठणे २००२ मध्ये आयपीसीएलबरोबर रिलायन्सकडे गेलं.

शेवटी माझ्या कामाच्या जवळची गोष्ट. टक्कर देणारा कोणता वायू किती उपयोगाचा, हे नीट मोजलं गेलं ते अमेरिकेत रॅबिनोविच आणि त्याच्या सहकाऱ्यांकडून, १९६० च्या दशकात आणि १९७० पर्यंत. त्यांनी मिथाइल आयसोसायनाइड हा एकच पदार्थ धरला, जो तुटत नाही, फक्त आतली मांडणी बदलतो, आणि त्याच्यासोबत शंभराच्या आसपास वेगवेगळे पाहुणे लावून बघितले. हीलियमसारखा लहान, एका अणूचा वायू धक्का देतो पण ऊर्जेची देवाणघेवाण फार करत नाही. मोठा, लवचीक रेणू एका टक्करीत खूप देतो-घेतो.

आज ज्वलनाचं गणित कॉम्प्युटरवर करतात त्यात ही तफावत साध्या आकड्यांत लिहिलेली असते. ग्री-मेक ३.० नावाची एक फाईल फुकट मिळते, मिथेन जळण्याची, ५३ पदार्थ आणि ३२५ क्रियांची. साधी टेक्स्ट फाईल आहे, मोबाईलवरही उघडते. त्यात बऱ्याच क्रियांमध्ये 'एम' हे अक्षर दिसेल. एम म्हणजे समोर जो कुणी असेल तो, आपला पाहुणा. आणि त्याखाली यादी: पाणी ६, इथेन ३, मिथेन २, आर्गॉन ०.७. म्हणजे पाण्याच्या वाफेची एक टक्कर आर्गॉनच्या आठ-नऊ टकरींच्या बरोबरीची धरली आहे. ज्यांना पायथन येतं त्यांनी कँटेरा नावाची लायब्ररी टाकून ती फाईल चालवून बघा, लॅपटॉप जुना असला तरी चालेल. आर्गॉनच्या जागी पाणी घाला आणि आलेख कसा सरकतो ते बघा. त्या लायब्ररीच्या कोडमध्ये दाबाप्रमाणे वेग बदलणाऱ्या क्रियांसाठी जो सगळ्यात साधा क्लास आहे, त्याचं नाव लिंडेमान आहे.